गैरअर्जदार कोणी नाही

१३ जुलै २०२५, रविवार
रात्री नवऱ्याचा फोन. "भांडायचं नाही ना आपल्याला?"
"नाही."
"मग करून टाकू."
लेक झोपली होती. मी पाणी भरून ठेवलं, दार लावलं, झोपले. झोप लागली, याचंच नवल.

१४ जुलै
बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शायन्यानं कोर्टाची पायरी चढू नाई. पाचशेचा स्टॅम्प घेऊ, पाच मानसं बसवू, सह्या करू, मोकया व्हा."
आजी आतून ओरडली, "आमच्या टाइमले पंचाइपुढं काडी मोडत. झाली काडीमोड. त्याले कायचं कोर्ट?"
मलाही तेच हवं आहे. कोर्ट नको, तारखा नकोत, काळे कोट नकोत.

१६ जुलै
माझ्या सेवा केंद्रावर पीकविम्याची गर्दी. एक रुपयाचा विमा यंदा बंद झाला, त्यावरून सगळे माझ्यावर ओरडतात. त्यात साइट चालत नाही. सातबारा घ्यायला आलेल्या एका मावशींनी हळूच विचारलं, "काऊन वं, जवाई पेते काय?"
नाही.
"मारते?"
नाही.
"मंग दुसरी ठेवली असंन."
तेही नाही. मावशी नाराज होऊन गेल्या. सातबाऱ्याचे पैसे राहिले द्यायचे.

२१ जुलै
वर्ध्याला वकीलबाईंकडे. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत स्टॅम्पपेपरचा विषय संपवला. नोटरीपुढं लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. त्या कागदावर विसंबून उद्या दोघांपैकी कोणी दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा. जातीत काडीमोडीची जुनी चाल असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमात तिला जागा आहे. पण चाल आहे हे सिद्ध करावं लागतं. सिद्ध कुठं करायचं? कोर्टातच.
आजीला हे कसं सांगायचं?
आपल्यासाठी कलम १३-ब. दोघांचा मिळून एक अर्ज. वर्षभर वेगळे राहिलो, एकत्र राहणं जमलं नाही, लग्न संपवायचं दोघांनी ठरवलं. एवढंच लिहायचं. का जमलं नाही ते कोणी विचारत नाही.
१९५५ च्या मूळ कायद्यात ही सोय नव्हती. सुटायचं तर एकानं दुसऱ्यावर काहीतरी ठेवायचं, व्यभिचारासारखं. १९७६ साली हे कलम घातलं. येताना एसटीत वाटलं, गाव अजून ७६ च्या आधीच आहे. त्या मावशी तर नक्कीच.

२२ जुलै
अर्जात वादी-प्रतिवादी नसतात. अर्जदार क्र. १ आणि अर्जदार क्र. २. त्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, "एक नंबर तूच हो."

२५ जुलै
तंटामुक्ती समितीतले एक काका घरी आले. बाबांनीच निरोप दिला असणार. चहा घेतला, चष्मा पुसला. म्हणाले, २००७ ला आबा पाटलांनी योजना आणली तेव्हापासून बांधाचे वाद मिटवले, भावाभावांचे मिटवले, नवरा-बायकोचेही मिटवले. "पन बाई, तुमचा तंटाच नाई. मी मिटवू काय?"
आजी सोडून सगळे हसले.

२८ जुलै
सोयाबीन पिवळं पडतंय. बाबा दिवसभर वावरात. माझ्याशी बोलत नाहीत, वावराशी बोलतात.

३ ऑगस्ट, रविवार
तो बुटीबोरीहून आला. घरी नको, तिकडच्या गावी नको, म्हणून आमच्या केळझरच्या सिद्धिविनायकाच्या टेकडीवर बसलो. पाऊस होता, म्हणून रविवार असूनही भाविक थोडे. नागपूरकडची एक गाडी आली, त्यांनी फोटो काढले, गेले.
केंद्रावरचे वाया गेलेले प्रिंट नेले होते. पाठकोऱ्या बाजूला याद्या केल्या.
फ्रिज माझा, राहिलेले हप्ते तो भरणार. शिलाई मशीन माझी. दिवाण त्याचा. लग्नातली भांडी आईबाबांनी दिलेली, ती परत. कूलर मी त्याला दिला, त्याची खोली पत्र्याची आहे. त्यावर तो म्हणाला, "मग पंखा तू ठेव." पंख्यावरून पाच मिनिटं आग्रह. इतका आग्रह लग्नात जेवताना झाला होता.
लेकीचं अवघड. ती माझ्याकडे. एक आड एक रविवार त्याच्याकडे. दिवाळी निम्मी-निम्मी. महिन्याला ६,००० तो ५ तारखेच्या आत भरणार, दरवर्षी ५०० वाढ. मला स्वतःला काही नको म्हटलं. तो म्हणाला, विचार कर. वकीलबाईंनी बजावलं होतं, तुझं तू सोडू शकतेस, पोरीचं सोडायचा हक्क तुला नाही. ते वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं मान हलवली, ६,००० खाली रेघ ओढली.
सुकन्या समृद्धीच्या खात्यावर पालक म्हणून त्याचं नाव आहे. ते माझं करायचं. यादीत शेवटी लिहिलं.
उतरताना त्यानं विचारलं, बकासुर इथंच मारला ना भीमानं? हो, हीच एकचक्रानगरी म्हणतात. रोज गाडाभर अन्न आणि वर एक माणूस लागायचा त्याला. आमच्या चौकातल्या पारालाही रोज तेवढंच लागतं, मी म्हटलं. खूप दिवसांनी तो मोकळा हसला. हसण्यानं काही बदलत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

५ ऑगस्ट
बाबा: "लग्नाचा खर्च लिवला काय यादीत?"
नाही.
"काऊन?"
जेवणावळ परत कशी मागणार? उठून गेले. जेवले नाहीत.

९ ऑगस्ट
राखी. दादा म्हणाला, त्यांना अडकवायला पाहिजे होतं, खटला टाकायला पाहिजे होता, म्हणजे नाक घासत आले असते. मी विचारलं, कशाचा खटला? त्याला सांगता येईना. ओवाळणीचे पाचशे दिले आणि तोंड फिरवून बसला.

१४ ऑगस्ट
त्याच्या मामांचा फोन. आवाज गोड. सासूबाईंनी लग्नात घातलेली पोत परत पाहिजे, ती त्यांच्या सासूची.
वकीलबाईंना विचारलं. बाईला लग्नात मिळालेलं ते तिचं स्त्रीधन, सुप्रीम कोर्टानं १९८५ लाच सांगितलंय, देऊ नकोस.
कायदा माझ्या बाजूनं आहे हे कळल्यावर देणं सोपं झालं. पोत देणार. पाटल्या देणार नाही, त्या बाबांनी कापूस विकून केल्या.
बाबांना पोतीचं सांगितलं नाही अजून.

२२ ऑगस्ट
पोळा. बाबांनी बैलांना झूल घातली, माझ्या हातून पुरणपोळी खाऊ घातली. बैलांच्या निमित्तानं का होईना, बोलले.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. तो सकाळीच आला, नागपूरहून लाकडी नंदी घेऊन. चाकं लावलेला, शिंगांना बेगड. लेक नाचली. तिला परकर-पोलकं घातलं, तो दोरी धरून तिच्यामागं घरोघर फिरला. प्रत्येक दारात बोजारा मिळाला: बिस्किटं, दहाची नोट, चॉकलेट.
आणि प्रत्येक दारात नजर. एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "नेऊन रायले काय नांदाले? बरं झालं बाप्पा."
नाही काकू, अर्ज टाकतोय.
"मंग हे काय?"
ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाप पोरीचा नंदी ओढतो आहे, एवढंच. काकूंना दोन्हीपैकी एक हवं होतं. नांदणं तरी, नाहीतर तोंड न पाहणं.
संध्याकाळी पोत त्याच्या हातात दिली. त्यानं मोजली-तपासली नाही, रुमालात बांधली.

१ सप्टेंबर
महालक्ष्म्यांचं जेवण. शेजारच्या काकू दारापर्यंत आल्या आणि दुधाचं काहीतरी विचारून गेल्या. सवाष्ण म्हणून मला सांगावं की नाही, ठरलं नसेल त्यांचं. कायद्यानं अजून आहे मी. आंबील मात्र दुपारी डब्यात आली. चांगली झाली होती.

४ सप्टेंबर
केंद्र बंद करून आतून कडी लावली. करारनामा मीच टाइप केला. रोज गावाची प्रतिज्ञापत्रं टाइप करते: रहिवासी, उत्पन्न, नावात बदल. बोटांना सवय आहे. "आम्ही खालील सही करणार" इथपर्यंत भरभर आले. पुढं पोरीचं नाव टाइप करताना थांबले. लाइट गेली. इन्व्हर्टरवर प्रिंट काढली. खर्चाच्या वहीत लिहिली: ६ पानं.

८ सप्टेंबर
अर्ज दाखल. दोघांच्या सह्या, दोघांचे फोटो. वकील एकच, फी निम्मी-निम्मी. वकीलबाई त्याला म्हणाल्या, "एकच वकील आहे म्हणून डोळे मिटून सही करू नका, वाचा." त्यानं खरंच वाचलं, कॉरिडॉरमध्ये उभ्यानं.
अर्जानंतर सहा महिने थांबायचं, मन बदललं तर बदलावं म्हणून. पण सप्टेंबर २०१७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की हे महिने माफ करता येतात: आधीच दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न करून झाले असतील, पोटगी-पोरांचं ठरलं असेल तर. आम्ही २०२३ च्या दिवाळीपासून वेगळे. माफीचा अर्ज पुढच्या आठवड्यात.
परत येताना एसटीचं अर्धं तिकीट. त्यालाही त्याच बाजूला जायचं होतं, एकाच गाडीत आलो. मी केळझरला उतरले, तो पुढं बुटीबोरीला. कंडक्टरनं विचारलं, "दोघं?" मी म्हटलं, एक फुल, एक हाफ, वेगवेगळी द्या.

१५ सप्टेंबर
मोबाइलवर डॉ. रखमाबाईंबद्दल वाचलं. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवऱ्याकडे नांदायला नकार. १८८४ ला नवरा दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात. १८८७ ला हुकूम: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करते म्हणाली. सगळ्या देशात गाजलं, विलायतेपर्यंत गेलं. आणि शेवट? १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवऱ्यानं दावा सोडला. कोर्टाबाहेर, तडजोडीनं. मग ती लंडनला डॉक्टरकी शिकायला गेली.
चार वर्षं कोर्ट जे सोडवू शकलं नाही ते दोन हजारांनी सोडवलं. आणि तरीही तो घटस्फोट नव्हताच. तिच्यासारख्या बाईला तसा मार्गच नव्हता तेव्हा. मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा आला १९४७ ला. वर्धा मध्यप्रांतात, म्हणजे आमच्या पणज्यांना तोही नाही.
माझं नशीब मोठं, असं नाही म्हणणार. तारीख पुढची, एवढंच.

२६ सप्टेंबर
तीन दिवस तो फोन उचलत नाही. निकाल होईपर्यंत कोणीही संमती मागं घेऊ शकतो. १९९१ चा निवाडा, वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. मामांचा मेसेज आला, "घाई करू नये." कोणी, ते लिहिलेलं नाही.
पावसानं कपाशीची बोंडं सडतायत.

२७ सप्टेंबर
उचलला नाही.

२ ऑक्टोबर
दसरा. सकाळी फोन. सासूबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात होत्या, आता घरी आहेत. मामा पाठ धरून आहेत, पण "मी ठरलंय त्यावर आहे" म्हणाला.
सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "पोत पाहिली माय." मग दोघीही औषधांवर बोललो.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. ठरल्याप्रमाणे लेक कालपासून त्याच्याकडे. घर आवरून झालं दहा वाजता. परत आवरलं.

१० नोव्हेंबर
लाडक्या बहिणींची ई-केवायसी. नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार लागतो. ओटीपी येईपर्यंत बाया बाकावर बसून राहतात. एकीचा नवरा सुरतला, फोन बंद. एकीला नवऱ्यानं सोडलं सात वर्षांपूर्वी, बाप वारला, हातात कागद काहीच नाही. मी काय करणार? तिचा नंबर लिहून ठेवला.

१३ नोव्हेंबर
वर्धा. सकाळी अकराला बोलावलं, पुकारा झाला पावणेतीनला. आत जेमतेम दहा मिनिटं.
साहेबांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? नाही. अटी वाचल्या का? मी म्हटलं, टाइपच मी केल्या. साहेबांनी वर पाहिलं. समेटाची शक्यता? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं, मग त्यानंही.
सहा महिने माफ. अर्ज मंजूर.
ह्या दहा मिनिटांना मी जुलैपासून भीत होते. भ्यायचं तर त्या याद्यांना भ्यायला हवं होतं. कोर्टानं फक्त वाचलं, ठरवलं आम्हीच.
बाहेर बाबा उभे होते. मला न सांगता आले होते. त्यांनी त्याला विचारलं, "जेवले काय?" तिघं जेवलो. बिल बाबांनी दिलं.

२५ नोव्हेंबर
निकालाची प्रमाणित प्रत आली. तीन झेरॉक्स काढल्या.
दुपारी ती ई-केवायसीला आलेली, नवऱ्यानं सोडलेली बाई परत आली. या वेळी कागद घेऊन. सात वर्षांपूर्वीची नोटरी, फोटो लावलेला, दोघांचे अंगठे, पाच पंचांच्या सह्या. "हा चालते ना ताई?"
चालत नाही. सांगितलं. त्या कागदावर नवऱ्यानं दुसरी बायको केली आहे. ही मात्र कागदोपत्री अजून त्याचीच.
चिठ्ठीवर लिहून दिलं: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, वर्धा. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार, लग्नपत्रिका असली तर ती, आणि हा नोटरीचा कागदही ने. एसटीला अर्धं तिकीट लागतं.