चालणं वाढवताना

निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो, तेव्हा चालणं आपोआप वाढेल असं आपण गृहीत धरतो. बहुतेकांचं ते घटतं. नवी मुंबईतल्या तळोज्यातून रोज बेलापूरला किंवा मुंबईला जाणारा माणूस रिक्षा स्टँडपर्यंत चालतो, स्टेशनचे जिने चढतो, फलाटाच्या टोकाला जाऊन डबा पकडतो, ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलाकडे जातो. हा व्यायाम आहे असं त्याला कधी वाटलेलं नसतं, पण शरीर त्याचा हिशेब ठेवत असतं. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला होता. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी ही बिनमोजलेली चाल एका दिवसात बंद पडते. शिवाय इमारतीला लिफ्ट असते आणि भाजी-दूध दारात येतं. सहा महिन्यांनी पोट सुटलं, साखर वाढली की माणूस चालायचं ठरवतो. मात्र नोकरीतल्या पायांच्या भरवशावर पहिल्याच दिवशी तासभर चालून येतो. माझं म्हणणं असं, की सुरुवात आज आहे त्या पायांपासून करावी आणि दम परवानगी देतो त्याहूनही सावकाश वाढवावी.

याचं कारण असं की शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं यांना महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धाप कमी होते, उत्साह येतो, आणि नेमकं तेव्हाच माणूस अंतर दुप्पट करतो. मग एका सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल फरशीवर टेकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. चार पावलं गेल्यावर ती कमी होते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर असते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला ताणून धरणारा पट्टा दुखावलेला असतो आणि तो बरा व्हायला महिनेच्या महिने जाऊ शकतात. चालणं सुटतं ते बहुधा अशाने. आळसाला उगाच दोष मिळतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी सुरुवात करावी, दर आठवड्याला दोन-चार मिनिटं वाढवावीत, आणि दुखलं तर त्या आठवड्यात वाढवूच नये. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरतो. मधुमेह, हृदयविकार किंवा छातीत दुखण्याची तक्रार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

यावर आक्षेप येतो, की एवढ्याशा चालण्याने काय होणार, रोज दहा हजार पावलं हवीत. हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला. त्यामागे तेव्हा वैद्यकीय संशोधन नव्हतं. आय-मिन ली यांच्या 2019 च्या अमेरिकी अभ्यासात सरासरी 72 वर्षांच्या 16,741 स्त्रिया होत्या. रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 41 टक्क्यांनी कमी दिसला, आणि साधारण 7,500 नंतर फायदा वाढताना दिसला नाही. मुळात ज्या धडधाकट, त्याच जास्त चालत असतील, ही शंका रास्त आहे. अशा अभ्यासातून ती पूर्ण फिटत नाही. तरी एवढं दिसतं, की सगळ्यात मोठा फरक सुरुवातीच्या थोड्या पावलांत आहे. हळू वाढवणाऱ्याचं म्हणूनच फारसं काही बुडत नाही.

तळोज्यातला खरा आक्षेप हवेचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. रात्री आणि पहाटे एमआयडीसीच्या कारखान्यांकडून येणाऱ्या उग्र वासाची तक्रार इथले रहिवासी वर्षानुवर्षं करत आले आहेत. इथल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि धूर तिच्यात अडकून राहतो. पहाटे पाचचा हट्ट इथे सोडावा, ऊन थोडं वर आल्यावर निघावं. ज्या दिवशी वास येतो त्या दिवशी घरातच फेऱ्या माराव्यात. एक सोय मात्र हाताशी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोवर सुमारे 11 किलोमीटरमध्ये 11 स्थानकं आहेत, म्हणजे दोन स्थानकांत सरासरी किलोमीटरभर अंतर. पेंधरहून पुढच्या स्थानकापर्यंत चालावं, पाय थकले तर मेट्रोने परतावं. नवख्याला भीती असते ती परतीच्या वाटेची, आणि तीच इथे उरत नाही. पावसाळ्यात खंड पडला, तर ऑक्टोबरमध्ये जूनच्या अंतरावर उडी न मारता त्याच्या निम्म्यापासून पुन्हा सुरू करावं. सिडको आणि पनवेल महापालिकेकडे मागायचं असेल तर दर दोन-तीनशे मीटरवर सावलीतला एक बाक मागावा. चालणं नुकतंच सुरू केलेल्या पासष्टीच्या माणसाला बसायची जागा दिसली नाही, तर तो दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडतच नाही.