कुर्डुवाडी व्हाया विलायत

माणसाला एखादा तरी छंद असावा असे सगळेच म्हणतात. पण कोणाला कोणता छंद शोभतो, हेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेले असते. मराठीच्या प्राध्यापकाने फार तर जुनी पुस्तके जमवावीत, पान जमवावे, वेळप्रसंगी चार ओव्या म्हणून दाखवाव्यात. अशा माणसाकडे दिवाळीच्या फराळाला जावे आणि गृहस्थ कपाटामागे डोके घालून, तोंडात पेचकस धरून, हातभर लांबीच्या आगगाडीची चाके पुसताना दिसावा, म्हणजे चकलीचा तुकडा हातातच राहतो. "मुलासाठी आणलीत वाटतं?" असे पाहुणे विचारतात. "मुलगा मोठा झाला, बाप व्हायचा आहे," असे उत्तर सौ. माझ्या वतीने परस्पर देऊन टाकते. ते उत्तर आता घरात इतके रुळले आहे की, मी चाके पुसणे थांबवीतही नाही.

गाडी पुन्हा आपल्या देशातली असती, तरी एक वेळ लोकांनी समजून घेतले असते. माझी गाडी धावते इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे हे तिचे नाव. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड हा तिचा सव्वाआठ मैलांचा प्रवास, आणि दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. 27 जून 1904 रोजी ती सुरू झाली आणि 12 मार्च 1934 रोजी बंद पडली. म्हणजे तीस वर्षे पुरती जगण्याचेही भाग्य तिला लाभले नाही. मी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, मी कधीही न पाहिलेल्या दरीत मेलेली ही गाडी पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर का धावते, हे सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

काही वर्षांपूर्वी फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत हात घालून बसलो असताना, इंग्लंडातल्या लहान रेल्वेंवरचे एक फाटके पुस्तक हाती लागले. चाळता चाळता एका छायाचित्रावर थबकलो. हिरवी टेकडी असावी, ओढा असावा, आणि मधून एक बुटके इंजिन चाललेले. त्याच्या कपाळावर भला थोरला दिवा. इंग्लंडात रुळांना दोन्ही बाजूंनी कुंपण. तिथल्या इंजिनांना असला दिवा सहसा नसतो. मागच्या डब्यांना टोकाशी कठड्याची ओसरी. मनात आले, हा दिवा ओळखीचा आहे. ही गाडी थंड देशातली दिसतच नाही. खालचा मजकूर वाचला आणि बसल्या जागी अंगावर काटा आला. त्यात बार्शीचे नाव होते!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर 1882 साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. गरीब मुलखात स्वस्त रेल्वे कशी बांधावी, या एकाच विचाराने त्याला झपाटले होते. त्याचे सूत्र साधे होते. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार सगळ्यांनी सारखा वाटून घेतला, तर यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात. या सूत्रावर त्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. 1897 मध्ये ती बार्शी रोडहून, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीहून, बार्शी गावापर्यंत धावू लागली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज असे तिचे हातपाय पसरत गेले. आणि मध्ये, 1904 साली, याच कॅलथ्रॉपने बार्शीला जमलेली विद्या स्टॅफर्डशरच्या दरीत नेली. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या त्या दोन इंजिनांपैकी एकाचे नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप' होते, दुसरे 'जे. बी. अर्ल'. विलायतेहून आपल्याकडे काय काय आले, हे आपण शाळेत पाठ करतो. पण बार्शीहून विलायतेला एक अख्खी रेल्वे गेली, हे मला कोणी सांगितले नव्हते. आणि मी तर कुर्डुवाडीचा, रेल्वेच्या गार्डाचा मुलगा!

त्या दिवसापासून मी बिघडलो. प्रमाण ठरले एका फुटाला चार मिलिमीटर. मूळ गाडीच्या सुमारे शहात्तरावा हिस्सा. या हिशेबाने सव्वाआठ मैलांची संपूर्ण लाइन मांडायची, तर पावणेदोनशे मीटर जागा लागते. माझ्या वाट्याला आली सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी. म्हणून फक्त ह्यूम एंड स्थानक केले. एक फलाट, एक लाकडी कचेरी, इंजिनाची शेड, दोन सांधे. आणि उजवीकडे टेकडीआड गेलेला रूळ कपाटामागे जाऊन थांबतो.

इंजिन मात्र विकत मिळणारे नको होते. फोटो आणि आराखडे समोर ठेवून पितळी पत्रा कापायचा, कानशीने घासायचा, डाख लावून जोडायचा. कागदावर हे फार सोपे दिसते. डाख देताना उष्णता थोडी कमी पडली तर जोड सुटतो, थोडी जास्त झाली तर शेजारचा, कालच जमलेला जोड वितळून हातात येतो. शिडीची एक पायरी बसवताना मी पाण्याच्या टाकीची अख्खी भिंत तीनदा पाडली आहे. चाकांचे दुखणे तर याहून सूक्ष्म. डावीकडच्या आणि उजवीकडच्या दांड्या एकमेकींशी काटकोनात असाव्या लागतात, म्हणजे एक बाजू अडली तर दुसरी तिला ओढून नेते. त्या काटकोनात केसभर चूक झाली की इंजिन लंगडते. माझे आठ महिने लंगडत होते.

अण्णा हे सगळे आपल्या खुर्चीतून पाहत असत. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच आहेत. 1963 साली ते या छोट्या लाइनीवर लागले. त्याआधी नऊच वर्षे, 1954 मध्ये, सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली होती. पुढे सगळी नोकरी गार्डाच्या डब्यात काढून ते सेवानिवृत्त झाले. माझ्या लहानपणी त्या रुळांवर वाफेची इंजिने होती, आणि अण्णा घरी आले की त्यांच्या कोटाला कोळशाचा वास येई. माझ्या या उद्योगाविषयी त्यांनी एकच वाक्य उच्चारले होते : "एवढा शिकलास, आणि गाडी गाडी खेळतोस?"

एका रविवारी इंजिन अखेर चालले. मागे फिकट पिवळे दोन डबे जोडून मी कळ फिरवली. गाडी फलाटावरून हलली, आणि पाठीमागून दरडावणीचा आवाज आला :

"गार्डाने झेंडी दाखवली का?"

मी दचकून गाडी थांबवली. अण्णा उठून फळीजवळ आले होते.

"गार्ड नाही, अण्णा. अजून केला नाही."

"मग गाडी सोडलीस कशी? आणि इंजिन पुढून उड्या मारतंय. सगळं शिसं मागे भरलंयस ना? भार वाटून दे. लाइट लाइन आहे ही."

मी थक्क होऊन पाहतच राहिलो. कॅलथ्रॉपचे चरित्र त्यांनी वाचलेले नव्हते. ते सूत्र त्यांच्या पायांना, हलणाऱ्या डब्यात अडतीस वर्षे उभे राहून, ठाऊक झाले होते. शिसे काढून पुढे-मागे सारखे वाटले; इंजिन रेशमासारखे चालू लागले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला आमच्या घरी गाडी सुटते. अण्णा मनगटी घड्याळ काढून फळीवर ठेवतात. मी ड्रायव्हर, ते गार्ड. त्यांनी हात वर केल्याशिवाय कळ फिरवायची नाही. उशीर झाला तर कारण सांगावे लागते. एकदा मी "विद्यार्थी भेटायला आला होता" असे सांगितले, तर त्यांनी ते मान्य केले नाही.

एकदा त्यांनी पट्टी मागितली. रुळांमधले अंतर मोजून म्हणाले, "अडीच फूट म्हणजे तुझ्या हिशेबाने दहा मिलिमीटर. हे तर नऊच आहे."

"तयार रूळ नऊ मिलिमीटरचेच मिळतात, अण्णा. या प्रमाणात बहुतेक लोक तेच वापरतात."

"म्हणजे साहेबाच्या देशातही एक मिलिमीटर खोटं चालतं!" असे म्हणून ते कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

यंदाच्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावल्यावर त्यांनी सहज विचारले, "या लाइनीचं पुढं काय झालं?"

मी सांगितले. दऱ्याखोऱ्यांतल्या दुधावर ती जगत होती. मोठ्या रुळांवरच्या वाघिणी आपल्या पाठीवर घेऊन नेणाऱ्या खास गाड्या कॅलथ्रॉपने तिच्यासाठी योजल्या होत्या. पण दुधाची वाहतूक गेली आणि गाडीही गेली. रूळ उखडले. 1937 पासून तिथे पायवाट आहे. लोक चालायला जातात, सायकली नेतात.

"शेवटच्या दिवशी कोण कोण होतं गाडीत?"

मला उत्तर देता आले नाही. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग उठून आपल्या ट्रंकेतून एक जुनी डबी घेऊन आले. तिच्यात पुठ्ठ्याची दोन तिकिटे होती. एकाला पंच केलेला, दुसरे कोरे.

वाचकहो, आता जे सांगायचे ते मी इतके दिवस कोणाला सांगितलेले नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात आमची छोटी लाइन टप्प्याटप्प्याने रुंद झाली. आमच्या बाजूची शेवटची छोटी गाडी निघायची होती, तेव्हा अण्णांनी मला फोन केला होता. "येतोस का? बरोबर जाऊ." माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मी "जमलं तर बघतो" म्हणालो. ते 'जमलं तर' म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होते असे मी समजत होतो. पण त्यांनी दोन तिकिटे काढली होती. स्टेशनात शिटी होईपर्यंत ते दाराशी उभे होते. त्या दिवशीच्या गार्डाने त्यांना ओळखले, हिरवी झेंडी त्यांच्या हाती दिली आणि म्हणाला, "तुम्हीच दाखवा." त्यांनी दाखवली. "एक मिनिट लेट सोडली," अण्णा म्हणाले. "नोकरीत असं कधी केलं नव्हतं."

एवढेच. रागाचा शब्द नाही. मी त्या कोऱ्या तिकिटाकडे पाहत बसलो.

मित्र मला विचारीत, "अरे, एवढी हौस आहे तर आपली बार्शीची गाडी का नाही करीत?" मी सांगत असे की, तिचे आराखडे हाताशी नाहीत. ते खोटे होते. आराखडे मिळाले असते. पण ह्यूम एंडच्या फलाटावर माझी वाट पाहत कोणी उभे नव्हते. तिथे मी निर्धास्त होतो. मेलेल्या परक्या गाडीवर प्रेम करायला काही लागत नाही. आपल्या गाडीला वेळेवर जावे लागते.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अण्णा, आपली गाडी करू या. पंढरपूरची." त्यांनी लगेच होकार दिला नाही. फळीकडे पाहून म्हणाले, "साहेबाच्या फलाटावर तू सहा माणसं ठेवलीस, भागलं. आपल्या गाडीत माणसं कुठून आणणार? आषाढीला आत जेवढी, तेवढीच टपावर असायची."

"टपावर किती बसत?"

"मोजायची सोय नव्हती. मोजली असती तर गाडी सोडता आली नसती."

मी वर्गात वीस वर्षे संतवाङ्मय शिकवतो आहे. वारी म्हणजे काय, याचे इतके नेमके वर्णन मला एकदाही जमलेले नाही.

सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले असते. साडेपाच फुटी माणूस आमच्या प्रमाणात बावीस मिलिमीटरचा होतो, बोटाच्या पेराएवढा. अण्णा काडीपेटीतल्या काड्या, तार आणि लांबी घेऊन वारकरी करतात. ब्याऐंशी वर्षांचा हात थरथरतो, त्यामुळे एकाचे पागोटे दुसऱ्यासारखे होत नाही. आणि तेच बरे दिसते. सौ. नऊवारीचे रंग सांगते, आणि मुलाच्या बाप होण्याविषयी आताशा काही बोलत नाही. माझ्याकडे इंजिन आहे. डब्यांचा पत्रा कापून झाला आहे. आजवर त्रेचाळीस माणसे तयार झाली.

काल मी विचारले, "अण्णा, दिवाळीला गाडी सोडायची का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली. म्हणाले, "थांब. अजून माणसं यायची आहेत."