देवासचं तळं, धारची मिरची

देवास म्हटलं की चामुंडेची टेकडी, पवारांची थोरली आणि धाकटी पाती, कुमार गंधर्व हे सगळं आठवतं. धार म्हटलं की किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली तिथलाच. घरातल्या मोठ्यांकडून हे आपण ऐकलेलं असतं. या गावांभोवतालची शेतं मात्र गाडीच्या खिडकीतून मागे पडतात. पुढच्या सहलीत तिथेही थोडं थांबा.

काळी माती आणि मुबलक पाणी ही माळव्याची जुनी ख्याती. पण बोअरवेलींनी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलं, की १९९० साली देवास शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पुढे २००६ पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा देऊन तळी खोदली. त्यांना 'रेवासागर' असं नाव मिळालं. टोंकखुर्द भागात अशी बरीच तळी आहेत.

पाणी साठलं, आता ते पुरवून वापरायचं कसं? त्यासाठी धार जिल्ह्यात चला. मांडूच्या कड्यावरून खाली दिसतो तो निमाड. तिकडे धरमपुरी, मनावरच्या बाजूला मिरची होते. गादीवाफे, त्यावर मल्चिंगचा कागद आणि त्याखाली ठिबकच्या काळ्या नळ्या.

या नळ्यांतून पाण्याबरोबर खतही जातं. मुख्य पाइपाला व्हेंच्युरी जोडलेली असते. तिच्या अरुंद गळ्यात दाब कमी होतो आणि बादलीतलं विरघळलेलं खत आपोआप ओढलं जातं. आधी साधं पाणी, मग खत, शेवटी पुन्हा साधं पाणी, म्हणजे नळ्यांची भोकं बुजत नाहीत. रोप लहान असताना मुळांसाठी स्फुरद जास्त, फळं धरू लागली की पालाश जास्त. कॅल्शियम नायट्रेट मात्र वेगळ्या दिवशी, कारण स्फुरदाच्या खतात मिसळलं की त्याचा साका बसतो. खत थोडं थोडं मुळाशीच पडतं, वाफसा टिकतो, आणि पाण्याच्या ताणाने होणारी फुलगळ कमी होते.

हे तंत्र इस्रायलमध्ये १९६०च्या दशकात रुजलं. आपल्या देशात ते शेतोशेती नेण्यात जळगावच्या भवरलाल जैन यांचा मोठा वाटा.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर बोअरचं पाणी खालीच जाणार. म्हणून धारच्या नळीला देवासच्या तळ्याची जोड हवी.

आपल्यापैकी काहींच्या घरची थोडीबहुत जमीन अजून या भागात आहे, बटाईने दिलेली. वर्षाचा हिशेब करायला आजोबा किंवा काका जातील तेव्हा त्यांच्याबरोबर जा. तळ्याला जागा कोणती द्यायची, नळ्यांच्या खर्चात आपला वाटा किती, हे बटाईदाराशी बसून बोला. जमीन आपल्या नावावर असेल, तर हा निर्णयही आपलाच आहे.