समुद्रावर काय करायचे?

माझा मेहुणा न्यू जर्सीत असतो. हिवाळ्यात तेथे बर्फ पडू लागले, की तो बायकोमुलांना घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या बेटावर आठ दिवस जाऊन राहतो. आपल्याकडे ही बेटे घरोघर पोहोचली ती क्रिकेटमुळे. १९७१ साली गावसकरांनी तिथल्या चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या, ही हकीकत मी लहानपणी पुराणातल्या कथेसारखी ऐकलेली आहे. मेहुणा मात्र तेथे धावा काढायला जात नाही. तेथे काय काय करायचे असते, हे त्याने एकदा फोनवर मला सविस्तर सांगितले. पाण्यात तोंड बुडवून मासे पाहायचे, छत्रीला लटकून आकाशात जायचे, होडीमागे बांधलेल्या रबरी केळ्यावर बसून पाण्यात आपटून घ्यायचे, आणखीही बरेच काही.

"आणि विश्रांती?" मी विचारले.

"तिला वेळ कुठे असतो!" तो म्हणाला.

हे सारे संभाषण माझ्या मुलीने ऐकले, आणि गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दापोलीजवळच्या मुरुडला जायचे ठरवले तेव्हा तिने लगेच एक यादी केली. 'समुद्रावर काय करायचे?' असे वर ठळक अक्षरांत, आणि खाली नऊ कलमे. छत्री आणि केळे ही कोकणातही येऊन पोहोचली आहेत, हे मला त्या यादीवरूनच कळले. शिवाय सकाळी होडीतून डॉल्फिन पाहणे, संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव पाहणे, असेही होते. उकडीचे मोदक हे कलम तिच्या आईने सुचवले. 'सुवर्णदुर्गाचा इतिहास सांगणे' हे मी सुचवले; ते यादीत आले नाही.

यादीत आणखी एक गोष्ट नव्हती. आई.

पुणे-सातारा रस्त्यावर, भोर तालुक्यात आमचे शिवरे हे गाव. आई अजून तिथेच असते. तिचे वय चौऱ्याहत्तर. शिवऱ्याहून पश्चिमेला सरळ रेघ ओढली, तर समुद्र शंभर किलोमीटरांच्या आतच आहे. पण शेतकऱ्याच्या बाईचे आयुष्य सरळ रेघेत जात नाही. ते घर, गोठा आणि वावर यांच्याभोवती फिरत राहते. आई पंढरपूरला अनेकदा पायी गेली आहे. समुद्र मात्र तिने पाहिला नव्हता.

याउलट वडिलांनी सारा जन्म समुद्राकाठी काढला. मुंबईच्या गोदीत ते बत्तीस वर्षे हमाल होते. वर्षातून दोनदा गावी येत, शिमग्याला आणि भाताच्या कापणीला. "एकदा तुला समुद्र दाखवीन," असे ते प्रत्येक वेळी म्हणत, आणि आई प्रत्येक वेळी "बगू" म्हणे. वडिलांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. ते वचन माझ्याकडे वारसाहक्काने आले आहे, हे मला इतकी वर्षे सुचले नाही. सुचले ते मुलीने यादी संपवून "आणखी काही राहिलं का, बाबा?" असे विचारले तेव्हा.

"म्हशीचं कोन बगंल?" ही आईची पहिली हरकत, आणि "मी तितं काय करू?" ही दुसरी. पहिलीची सोय शेजारणीने केली. दुसरीला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कापूरहोळ, भोर करीत आम्ही वरंधा घाटाच्या माथ्यावर आलो, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. "या बाजूला पडलेला पाऊस नीरेला मिळतो आणि पूर्वेला जातो, त्या बाजूला पडलेला सावित्री नदीतून अरबी समुद्रात," असे मी गाडीतल्या सर्वांना समजावून सांगितले. मुलगी यादी वाचत होती, पत्नी वळणे मोजत होती, आणि आई डोळे मिटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही वाळूवर गेलो, तेव्हा ओहोटी होती. पाणी दूर मागे गेले होते. आईने चपला काढल्या, ओल्या वाळूतून चालत पाण्यापर्यंत गेली, वाकून हात लावला, आणि एक बोट जिभेवर टेकवले.

"खारटच हाय की रं!" ती म्हणाली. जणू इतका वेळ तिची खात्री नव्हती.

मग तिने एक वाळकी काठी शोधून आणली, पाण्याच्या कडेला वाळूत खोचली, आणि सुरूच्या झाडाखाली येऊन बसली. मुलगी आईला घेऊन केळ्यावर बसायला गेली. मी जवळ बसलो.

"ही समदी मान्सं हितं कशापायी येत्यात?" तिने थोड्या वेळाने विचारले.

मी विचारात पडलो. बिनकामाचे समुद्रावर जाणे ही तशी फार जुनी गोष्ट नाही. इंग्लंडात अठराव्या शतकात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टराने समुद्राचे पाणी औषध म्हणून प्यायला आणि त्यात बुडायला सांगितले, तेव्हा कुठे बरी परिस्थिती असलेली माणसे ब्रायटनला जाऊ लागली. आपल्याकडे समुद्र कोळ्यांच्या कामाचा आणि नारळी पौर्णिमेच्या पूजेचा. उलट कोकणातला माणूसच पोटासाठी आणि विद्येसाठी घाट चढून वर यायचा. या मुरुडचेच धोंडो केशव कर्वे मुलगे असताना परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले होते. हे सगळे आईला कसे सांगावे?

"मजा करायला येतात," मी म्हटले.

"करू द्यात," ती म्हणाली, आणि पुन्हा काठीकडे पाहू लागली.

दुपारी जेवायला चला म्हटले तर ती उठेना. शेवटी डबा तिथेच आणला. पाणी काठीपाशी आले, मग काठीभोवती आले. चारच्या सुमारास भरती पुरी झाली आणि काठी दिसेनाशी झाली. आईने मोठा सुस्कारा सोडला.

"तुजं वडील खरं बोलायचे," ती म्हणाली. "मला म्हनायचे, समुद्राचं पानी लांब जातंय आन् आपल्या आपन माघारी येतंय. मला वाटायचं, बायकूला गावंढळ समजून थापा मारत्यात. म्हनायचे, 'समुद्र दिसातनं दोनदा घरी येतो, मी वर्सातनं दोनदा.'"

मला काही बोलता येईना. सकाळपासून ती काही न करता बसली आहे असे आम्हां सर्वांना वाटत होते.

"हे मुंबईचंच पानी ना?"

"हो. तोच समुद्र."

"आन् आपल्या शिवगंगेचं पानी बी हितंच येतं व्हय?"

घाटात सांगितलेले मी पुन्हा सांगितले. शिवगंगा गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला, नीरा नरसिंहपूरला भीमेला. तिथून भीमा पंढरपूरवरून पुढे जाऊन कृष्णेला मिळते, आणि कृष्णा जाते ती पार पूर्वेच्या समुद्राला. आपले पाणी इथे कधीच येत नाही.

माझा मलाच राग आला. नको तिथे अचूक असणे हा आम्हा मास्तरांचा दोष आहे. पण आईचा चेहरा उतरला नाही.

"म्हंजी आदी पांडुरंगाकडं जातंय," ती म्हणाली. "मंग हिकडं न्हाई आलं तरी चालंल."

मुलीच्या यादीतली सात कलमे पुरी झाली. डॉल्फिन दिसले नाहीत. छत्रीच्या वेळी तिचे धैर्य गळाले. सुवर्णदुर्ग आम्ही हर्णैच्या धक्क्यावरून पाहिला, आणि पेशवे आणि इंग्रज यांनी तो १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून कसा घेतला, हे मी सांगू लागताच मासळीचा लिलाव सुरू झाला.

परत येताना आईला शिवऱ्यात सोडले. शेजारीण दारातच होती. म्हैस नीट असल्याचे सांगून तिने विचारले, "काय काय केलंसा समुद्रावर?"

"काय न्हाई," आई म्हणाली. "बसले हुते." आणि ती गोठ्याकडे गेली.