साठ अंशांवरचा उंचवटा

गुरुवारचं अँटेनाचं प्रॅक्टिकल म्हणजे आमच्या बॅचला विश्रांतीच! टेबलावर दोन हॉर्न समोरासमोर ठेवायचे, एक दहा-दहा अंशांनी फिरवायचा, मीटर वाचायचा, ग्राफ काढायचा. या सेमला दुसऱ्याच प्रॅक्टिकलला माझ्या ग्राफवर उजवीकडे साठ अंशांपाशी एक उंचवटा आला. सीनियरच्या फाइलमध्ये तो नव्हता. मी खोडरबर घेतला, कर्व्ह गुळगुळीत केला आणि सही घ्यायला गेलो.

सरांनी खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे काय होतं रे?" मी गप्प. सही झाली नाही.

पुढे सेमिनारला मल्टिपल बीम अँटेना हा विषय घेतला, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ कळला. आपला जीसॅट-11 घ्या. अख्ख्या देशावर एकच झोत टाकण्याऐवजी तो ग्राहकांसाठी 32 छोट्या झोतांचा बनवला. फ्रिक्वेन्सी मात्र मोजक्याच, म्हणून तीच फ्रिक्वेन्सी लांबच्या झोताला पुन्हा द्यायची. अट एकच : एकाची गळती दुसऱ्यात जाता कामा नये. त्यामुळे टेस्टिंगमध्ये झोताचा मधला जोर मोजून भागत नाही. तो आपल्या घराबाहेर किती सांडतो, हेही मोजावं लागतं. म्हणजे नेमका मी खोडला तोच भाग!

आणि मोजायचं कुठे? अँटेनाचा खरा पॅटर्न दिसायला अंतर लागतं. व्यासाच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी. आमच्या हॉर्नला एक मीटर पुरतो. 2 मीटरच्या डिशला 30 गिगाहर्ट्झवर 800 मीटर हवेत! म्हणून मग बंद खोलीतच मोठ्या रिफ्लेक्टरने सपाट लहरी तयार करतात आणि भिंतींना फोमचे पिरॅमिड लावतात. भिंतीवरून परत येणारी लहर ते गिळून टाकतात. बेंगळुरूला इस्रोकडे अशी सोय आहे.

जीसॅट-11 तर फ्रेंच गयानाला पोचलेला असताना एप्रिल 2018 मध्ये जादा चाचण्यांसाठी परत बोलावला गेला. त्याच वर्षी 5 डिसेंबरला तो उडाला. एकदा 36,000 किलोमीटरवर गेल्यावर तिथे खोडरबर घेऊन कोण जाणार?

सेमिनारनंतरच्या गुरुवारी मी पुन्हा रीडिंग घेतली. उंचवटा हजर! उजवीकडचं लोखंडी कपाट सरकवलं आणि तो गेला. आता फाइलमध्ये दोन्ही कर्व्ह आहेत, कपाटासकट आणि कपाटाशिवाय.

सही मिळाली. उशिराबद्दल एक मार्क गेला तो गेलाच!