चौथा तुकडा

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण काही ना काही जमवतात? कुणी तिकिटं जमवत असेल, कुणी नाणी, कुणी काड्यापेटीचे छाप, तर कुणी नुसते गुळगुळीत दगड. मी तिसरीच्या वर्गावर शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे तर एकशे बारा पेन्सिलींचे उरलेले तुकडे आहेत, आणि ती ते रोज मोजते!

मलाही एक असाच छंद आहे. मी सिनेमाची जुनी पोस्टर्स जमवते. पोस्टर्स, गाण्यांच्या पुस्तिका, थिएटरबाहेर काचेच्या पेटीत लावायचे फोटो, जुनी तिकिटं, हँडबिलं, असं सगळं. पाहुणे आले की विचारतात, "बाई, हा रद्दीचा गठ्ठा कशाला सांभाळता?" मी हसते. पण या छंदाची सुरुवात एका चुकीपासून झाली. ती चूक मी चौथीत असताना केली होती. आज तुम्हाला तीच सांगणार आहे.

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, तालुक्याच्या गावी एका थिएटरात कामाला होते. काम काय? पोस्टर चिकटवायचं! तेव्हा सिनेमा शुक्रवारी बदलायचा. आदल्या रात्री आबा मैद्याची खळ शिजवायचे. तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. मोरचूद कशाला, तर खळीला कीड लागू नये म्हणून. सायकलच्या एका बाजूला खळीचा डबा, दुसऱ्या बाजूला कुंचा, मागे पोस्टर्सची गुंडाळी आणि खांद्यावर लहानशी शिडी. अशी वरात पहाटेच निघायची.

मोरचूद घातला तरी एका शत्रूपुढे आबांचं काही चालायचं नाही. तो शत्रू म्हणजे गावातल्या गाई आणि शेळ्या! खळीच्या वासानं त्या यायच्या आणि ओलं पोस्टर चक्क खाऊन टाकायच्या. आबा म्हणायचे, "अर्धा हिरो गाईनं खाल्ला, तरी लोक सिनेमाला येतात. नाव तेवढं वाचता आलं पाहिजे."

आणि पोस्टरचं आयुष्य तरी किती? एक आठवडा. पुढच्या शुक्रवारी त्याच भिंतीवर, त्याच्याच अंगावर नवं पोस्टर बसायचं. जे भिंतीवर गेलं, ते संपलं. जे चिकटवायचं राहिलं, तेवढंच वाचलं. म्हणून तर जुनी अस्सल पोस्टर्स आज इतकी कमी आहेत.

आबा अशी राहिलेली पोस्टर्स मालकांना विचारून घरी आणत. खाटेखाली त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. तिला कुलूप नव्हतं. आमच्या घरात कशालाच कुलूप नव्हतं म्हणा ना!

आता ती जून महिन्यातली गोष्ट. १९९८ साल. माझी चौथी नुकतीच सुरू झाली होती. नव्या फुलस्केप वह्या आल्या होत्या, पण कव्हरांचा खाकी कागद संपला होता. बाईंनी तर बजावलं होतं, "उद्या कव्हर नसलेली वही दिसली, तर वर्गाबाहेर!" आई शेतावर, आबा कामावर. मला ट्रंक आठवली.

मी झाकण उघडलं. वरची पोस्टर्स पातळ होती. अगदी तळाला एक जाड, मोठा, घडी घातलेला कागद सापडला. तीस बाय चाळीस इंचाचा असेल. एका बाजूला चित्र, दुसरी बाजू कोरी. घडी होतीच, त्या घडीवरून मी कात्री चालवली. भाकरीचे करतात तसे बरोब्बर चार चतकोर! मराठी, गणित, इतिहास आणि सामान्य विज्ञान. कोरी बाजू बाहेर, चित्र आत. वहीच्या पाठीजवळ दोन चिरा दिल्या, कोपरे दुमडले, लेबलं लावली. इतकी छान कव्हरं मी त्याआधी कधीच घातली नव्हती.

संध्याकाळी आबा आले. मी चारही वह्या त्यांच्या पुढ्यात मांडल्या. त्यांनी एक वही उचलली, कव्हराची आतली बाजू जराशी उलगडली आणि पाहिली. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत.

"कव्हरं कुणी घातली गं?"

"मी! एकटीनं!"

"बेस घातलीस," आबा म्हणाले. "कोपरे झकास आलेत." आणि वही खाली ठेवून ते ओट्यावर जाऊन बसले.

त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले. मला वाटलं, दमले असतील.

नऊ वर्षं गेली. मला डी.एड.ला प्रवेश मिळाला. कॉलेजात एकदा 'परिसरातील जुन्या वस्तू' असा प्रकल्प होता. मी सुट्टीत घरी आले आणि आबांना म्हटलं, "आबा, तुमच्या ट्रंकेतलं सगळ्यांत जुनं पोस्टर कोणतं? मला न्यायचंय."

आबा हसले. "होतं एक. ते तुझ्या चौथीच्या वह्यांना गेलं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. ते पोस्टर होतं 'श्यामची आई' या सिनेमाचं. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी हा सिनेमा काढला, १९५३ साली. वनमालाबाई आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट तो हाच! आमच्या गावात तो जरा उशिरानं आला. आबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, थिएटरात नवे लागलेले. त्यांनी आयुष्यात भिंतीवर लावलेलं पहिलं पोस्टर त्याच सिनेमाचं. पहिला पगार झाला तेव्हा ते आपल्या आईला, म्हणजे माझ्या पणजीला, तो सिनेमा दाखवायला घेऊन गेले. पणजी पडद्याकडे बघून रडली आणि घरी येईपर्यंत आबांचा हात तिनं सोडला नाही. तिनं पाहिलेला तो एकुलता एक सिनेमा. म्हणून एक पोस्टर आबांनी जपून ठेवलं होतं.

मुलांनो, मला काय वाटलं असेल, सांगा बरं! मी विचारलं, "आबा, तेव्हा मला रागावला का नाहीत?"

"रागावून कागद जोडला गेला असता का?" आबा म्हणाले. "आन् तू किती खुशीत होतीस!"

त्याच दुपारी मी माळ्यावर चढले. आमची आई जुन्या वह्या पोत्यात भरून ठेवायची. धूळ, कोळिष्टकं, झुरळं, काही विचारू नका. तीन वह्या सापडल्या. मराठी, गणित, इतिहास. चित्र आतल्या बाजूला असल्यामुळे त्याला ऊन लागलं नव्हतं, त्यामुळे रंग टवटवीत होते. पण सामान्य विज्ञानाची वही काही मिळाली नाही. ती कधीतरी रद्दीत गेली होती. तीन तुकडे मी जमिनीवर मांडले. आई होती. सिनेमाचं नावही होतं. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं श्याम होता, तिथं फरशी दिसत होती.

त्या दिवसापासून मी पोस्टर्स जमवायला लागले. पहिल्यांदा वाटलं, तेच पोस्टर कुठेतरी पुन्हा मिळेल. शोधता शोधता कितीतरी गोष्टी कळत गेल्या. त्यातल्या काही तुम्हालाही सांगते.

आपल्या कोल्हापूरचे बाबुराव पेंटर माहीत आहेत ना? त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता. ते उत्तम चित्रकार होते, म्हणून आपल्या सिनेमांची पोस्टर्सही ते स्वतः रंगवत. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' चं पोस्टर हे आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टर्सपैकी एक मानतात. पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार एम. एफ. हुसेन हेही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवत असत.

आणि हे तर ऐकाच. आपल्या देशातला पहिला बोलपट 'आलम आरा'. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात तो लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही! जुन्या फिल्म पटकन पेट घेत. काही खराब झाल्या, तर काहींमधली चांदी काढून घेण्यासाठी लोकांनी त्या भंगारात विकल्या. मग 'आलम आरा' कसा होता, हे आपल्याला कशावरून कळतं? फोटो, जाहिराती आणि पुस्तिका अशा कागदांवरून. सिनेमा गेला, कागद राहिले. आता सांगा, याला रद्दी म्हणाल का?

गाण्यांच्या पुस्तिकांची तर मोठी गंमत. थिएटरात त्या आण्या-दोन आण्यांना मिळत. त्यात सगळी गाणी असत आणि सिनेमाची गोष्टही असे. पण पुरी नाही हं! गोष्ट अगदी रंगात आली की लिहिलेलं असे, 'पुढील कथा रुपेरी पडद्यावर पाहा.'

हे सगळं जपायला सरकारनं १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू केलं. तिथे नुसत्या फिल्मच नाहीत, तर पोस्टर्स, फोटो आणि पुस्तिकाही जपून ठेवल्या आहेत. मुंबईत पेडर रोडवर गुलशन महाल नावाची एक जुनी सुंदर वास्तू आहे. तिथे २०१९ साली सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. आईबाबांना सांगा, सुट्टीत एकदा घेऊन चला म्हणावं.

जुनं पोस्टर अस्सल की नक्कल, हे ओळखायचं कसं? एक सोपी युक्ती सांगते. पूर्वी पोस्टर्स घडी घालून गावोगाव पाठवत. म्हणून जुन्या कागदावर घडीच्या खुणा असतात. नक्कल करणारे त्या खुणांसकट फोटो काढून छापतात. डोळे फसतात, पण बोट फसत नाही! हळूच बोट फिरवून बघा. घडी दिसते पण हाताला लागत नाही, तर ती छापलेली घडी. भिंगातून पाहिलंत तर आणखी मजा. हातानं शिळेवर काढून छापलेल्या जुन्या चित्रात रंगाचे कण वेडेवाकडे पसरलेले दिसतात, तर हल्लीच्या छपाईत बारीक ठिपक्यांची शिस्तीत नक्षी दिसते.

आणि जपायचं कसं? चिकटपट्टी अजिबात लावायची नाही. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि कागदावर कायमचा डाग ठेवते. उन्हात लावायचं नाही. लॅमिनेशन करायचं नाही, कारण ते पुन्हा निघत नाही. सपाट, कोरड्या जागी ठेवायचं. हात धुऊन, पुसून मगच हात लावायचा. आणि कुणाकडून, कधी मिळालं, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवायचं. भिंतीवरचं पोस्टर मात्र कधी उपटायचं नाही. ते लावायला एखादे आबा पहाटे उठलेले असतात.

आमचे आबा २०१४ साली गेले. त्याआधी पाच वर्षं ते थिएटर बंद पडलं. आज तिथे मंगल कार्यालय आहे. ट्रंक आता माझ्याकडे आहे आणि ते तीन तुकडे माझ्या घरी एका चौकटीत आहेत. चौथ्याची जागा मी रिकामी ठेवली आहे.

गेल्या जूनमध्ये मी ती चौकट वर्गात नेली. मुलं शांतपणे बघत होती. एकजण म्हणाला, "बाई, इंटरनेटवरून फोटो घ्या, कलर प्रिंट काढा आणि लावून टाका ना तिथं! कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "मला कळेल ना."

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "बाई, मग राहू दे तसंच. पण आमच्या घरी रद्दी आहे खूप. मी त्यात बघतो."

तेव्हापासून दर सोमवारी तो मला सांगतो, "बाई, अजून सापडला नाही." मी त्याला 'सापडणारच नाही रे' असं म्हणत नाही. कारण त्या शोधात त्याला आपल्या आजीचं शाळेचं प्रगतिपुस्तक सापडलं आहे. १९६८ सालचं! आजी गणितात नापास झाली होती. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. आता आजी-नातू मिळून पाढे म्हणतात.

तर मित्रांनो, या वर्षी कव्हरांसाठी कागद शोधाल, तेव्हा कात्री हातात घेण्याआधी कागद उलटून बघा. त्यावर चित्र असेल, अक्षर असेल, एखादी तारीख असेल, तर घरातल्या मोठ्यांना विचारा, "हे काय आहे? हे कुणाचं आहे?" ते गोष्ट सांगतील. ती ऐका.

आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांनी विचारायची वाट बघू नका. आमच्या आबांनी मला ती गोष्ट आधीच सांगितली असती, तर माझ्या चौथीच्या वह्या बिनकव्हराच्या राहिल्या असत्या. मी आनंदानं वर्गाबाहेर उभी राहिले असते!