किलोमीटरला दहा रुपये

चालण्याला आपल्याकडे कधी दर नव्हता. वारकरी पंढरीला जातो, तो मैलामागे वर्गणी मागत नाही. त्यामुळे आमच्या जवळा बाजारचा एक माजी विद्यार्थी "सर, किलोमीटरला दहा रुपये द्या" म्हणाला, तेव्हा मला हसूच आले. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत तो धावणार होता. डरबन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्यामधली ही सुमारे ९० किलोमीटरांची दौड १९२१ पासूनची. पैसे एका ख्रिस्ती अनाथाश्रमाला जायचे होते.

शेजारचे अण्णा म्हणाले, "औंढ्याचा नागनाथ एवढा जवळ, आणि पैसे मिशनला?"

मला पंडिता रमाबाई आठवल्या. आईबापांबरोबर पुराणे सांगत त्या तीर्थोतीर्थी पायी हिंडल्या. दुष्काळात आईबाप गेले. पुढे ख्रिस्ती झालेल्या याच बाईंनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन पैसा जमवला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनीच आणल्या. धर्मांतरावरून 'केसरी'ने झोड उठवली. ती सगळीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. पण मुली जगल्या.

अण्णांना हे काही पटले नाही. मी नऊशे रुपये पाठवले. बारा तासांची मुदत संपायला दहा मिनिटे उरली असताना पोरगा पोहोचला, हे कळल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "पाय सुजले असतील हो त्याचे."